महामार्गाचा क्रमांक कोण ठरवते?

पनवेलहून कोकणमार्गे गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग अनेकांच्या स्मरणात अद्याप सतरा क्रमांकाचाच आहे. २०१० च्या फेररचनेत तो ६६ क्रमांकाचा झाला. फलकावरचा आकडा रंगाऱ्याने बदलण्यापूर्वी तो राजपत्रात बदलावा लागतो.

राष्ट्रीय महामार्ग हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार केंद्राचा विषय आहे, तर इतर रस्ते राज्यांच्या अखत्यारीत येतात. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम २ अन्वये केंद्र सरकार अधिसूचना काढून कोणताही महामार्ग 'राष्ट्रीय' घोषित करू शकते, तसेच तो यादीतून वगळूही शकते. कलम ४ नुसार असा मार्ग केंद्राच्या मालकीचा होतो आणि कलम ५ नुसार त्याची देखभाल केंद्रावर येते. हे काम केंद्राने राज्याकडे सोपविले, तर सार्वजनिक बांधकाम विभाग ते पाहतो. खड्ड्यांच्या तक्रारी एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात का फिरतात, याचे उत्तर बव्हंशी येथेच सापडते. राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, ग्राममार्ग ही प्रतवारी महाराष्ट्रात १९५५ च्या महामार्ग अधिनियमानुसार राज्य सरकार करते.

नव्या पद्धतीत उत्तर-दक्षिण मार्गांना सम क्रमांक असून ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात; म्हणूनच पश्चिम किनाऱ्याच्या वाट्याला ६६ आला. पूर्व-पश्चिम मार्गांचे क्रमांक विषम असून ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. पुणे-सोलापूर-हैदराबाद मार्ग पूर्वी ९ क्रमांकाचा होता, आता ६५ चा आहे. उपमार्गाला मुख्य क्रमांकाआधी एक अंक जोडला जातो. रत्नागिरी-कोल्हापूर मार्ग १६६ क्रमांकाचा आहे, म्हणजे तो ६६ ची शाखा होय.

या कागदी प्रतवारीचे मोल २०१६-१७ मध्ये साऱ्या देशाने पाहिले. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई केली. मग दुकाने हलविण्याऐवजी रस्त्याचा दर्जाच बदलण्याची युक्ती निघाली. चंदीगड प्रशासनाने शहरातील राज्यमार्गांना प्रमुख जिल्हा मार्ग ठरविले. डांबर तेच, वाहने तीच, नाव मात्र निराळे! हे प्रकरण न्यायालयात गेले. महापालिका हद्दीतील परवानाधारकांना ही मनाई लागू नाही, असा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै २०१७ रोजी केला.

फलकांचा कायदा मात्र वेगळा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या पहिल्या अनुसूचीत वाहतूक चिन्हे दिली असून, कलम ११६ अन्वये ती उभारण्याचा अधिकार राज्य सरकार किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय महामार्गांपुरता तो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणालाही मिळाला. चिन्ह झाकणारी जाहिरात हटविण्याचा आदेशही ते देऊ शकते. फलकांचे तपशीलवार मानक इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेत आहे. मैलाच्या दगडाचा पिवळा माथा राष्ट्रीय, तर हिरवा माथा राज्य महामार्ग दर्शवितो. चुकून एखादे चिन्ह निकामी केले, तर वाहनचालकाने २४ तासांच्या आत पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे.

रस्त्याच्या यंत्रणेवरील जबाबदारी बरीच उशिरा आली. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभालीतील मानके न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व ओढवल्यास, कलम १९८अ नुसार संबंधित प्राधिकारी, कंत्राटदार किंवा सल्लागारास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही तरतूद २०१९ ची असून, महामार्गाच्या कंत्राटांपुढे तिची रक्कम किरकोळच म्हणावी लागेल.