मुतो विरुद्ध ताकादा: 'खरी' कुस्ती एका जुन्या डावात अडकली ती रात्र

आजचा अख्खा भाग एकाच मॅचवर. ९ ऑक्टोबर १९९५, टोकियो डोम, केइजी मुतो विरुद्ध नोबुहिको ताकादा. आयोजकांनी सांगितलेला आकडा ६७ हजार प्रेक्षकांचा. मॅच चालली १६ मिनिटं १६ सेकंद.

निकाल आधीच ठरलेला होता. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे 'अरे, पण हे खोटं असतं ना?' हा प्रश्न संपला. आपल्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात, आणि म्हणताना तोंड वाकडं करतात. जपानमध्ये मात्र याच नुरा कुस्तीच्या पोटातून एक बंड निघालं. १९८४ मध्ये यूडब्ल्यूएफ नावाची कंपनी उभी राहिली. अकिरा माएदा, फुजिवारा, सायामा आणि आपला ताकादा, सगळे तिथे जमले. त्यांचं म्हणणं साधं होतं. दोरांवर आपटून परत धावत येणं बंद, खांबावरून उड्या बंद. लाथा, फेक आणि सांधे पिरगाळणारे डाव, बास. यालाच पुढे शूट-स्टाइल म्हणायला लागले. निकाल इथेही ठरलेलाच असायचा, पण लाथ बसली की आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा.

या मंडळींचा वस्ताद कार्ल गॉच. माणूस बेल्जियममध्ये जन्मलेला, इंग्लंडच्या विगन गावात तयार झालेला, आणि व्यायाम कुठला घ्यायचा? तर आपल्या बैठका आणि दंड! जपानी प्रो-रेसलिंगमध्ये त्या बैठकांना आजही 'हिंदू स्क्वॉट' म्हणतात.

पुढची भांडणं भराभर सांगतो. यूडब्ल्यूएफ बुडाली, १९८८ मध्ये पुन्हा उभी राहिली, परत फुटली. ताकादानं १९९१ मध्ये यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनल सुरू केली. तिथे प्रत्येक गड्याला १५ गुण मिळायचे. दोर पकडून सुटलात, गुण गेला. खाली पडलात, आणखी गेले. बघणाऱ्याला वाटायचं, हा तर खेळच आहे. १९९४ मध्ये या कंपनीनं इतर कंपन्यांच्या चॅम्पियनना १० कोटी येनचं आव्हान देणारी पत्रं धाडली. न्यू जपानवाल्यांना ते चांगलंच झोंबलं. त्याच वर्षी डिसेंबरात ताकादाचा साथीदार योजी आंजो लॉस एंजेलिसला रिक्सन ग्रेसीच्या जिममध्ये जाऊन उभा राहिला आणि रक्तबंबाळ तोंड घेऊन परत आला. 'आम्हीच खरे' म्हणणाऱ्यांची अब्रू गेली, धंदा आटला. शेवटी ज्यांना हिणवलं त्याच न्यू जपानच्या दारात जावं लागलं. टोकियो डोमची ती रात्र म्हणजे या दोन घरांचं भांडण.

आता मॅच. सुरुवातीची खडाखडी जमिनीवरच. आणि इथे मुतो आवडतो मला. एरवी रंगीबेरंगी उड्या मारणारा हा गडी मुळात ज्युदोतला. तो ताकादाच्या खेळात शिरून निवांत खेळतो, जणू म्हणतोय, 'हे मलाही येतं.' मग ताकादाच्या लाथा सुरू होतात. कडक, मांडीवर, छातीवर. प्रत्येक लाथेला स्टेडियम हलतं.

आणि मग ती एक लाथ मुतो हवेतच झेलतो. पाय काखेत धरून स्वतः गिरकी घेतो, ताकादाचा गुडघा पिरगाळला जातो. या डावाचं नाव ड्रॅगन स्क्रू. पुढे काय, तर फिगर-फोर! दोन्ही पायांची 'चार'च्या आकड्यासारखी अढी (आपला ४ नव्हे, इंग्रजीतला). हा डाव म्हणजे जुन्या टीव्ही कुस्तीचा कळस. १९६३ मध्ये मुखवटेवाल्या डिस्ट्रॉयरनं रिकिदोझानवर तो लावला तेव्हा त्या प्रक्षेपणाचं रेटिंग ६४ टक्के होतं. आजोबांच्या काळातला डाव! शूट-स्टाइलवाले ज्याला तमाशा म्हणायचे त्यातलाच. ताकादा कळवळतो, धडपडतो, आणि हार मानतो.

कट्टर यूडब्ल्यूएफ चाहत्यांना हा विश्वासघात वाटला. मला ताकादाचं हरणं हीच या मॅचमधली सर्वात मोठी कामगिरी वाटते. दहा वर्षं 'आमचं खरं' म्हणून कमावलेली पत त्यानं त्या एका डावाला देऊन टाकली. त्या पतीशिवाय त्या अढीत काय दम होता? मुतो किती का पिरगाळेना, ६७ हजार लोकांच्या अंगावर काटा आला तो हरणाऱ्याच्या चेहऱ्यामुळे. त्यानंतर फिगर-फोर हा मुतोचा हुकमी डाव झाला.

४ जानेवारी १९९६ ला ताकादानं त्याच डोममध्ये परतफेड केली, मुतोचा हात पिरगाळून किताब घेतला. तरी कंपनी वाचली नाही, डिसेंबरात बंद पडली. ऑक्टोबर १९९७ मध्ये, प्राइडच्या पहिल्या कार्यक्रमात, तो रिक्सन ग्रेसीसमोर उभा राहिला. ही लढत नुरा नव्हती, आणि ताकादा पाच मिनिटंही टिकला नाही.

पण १९९५ च्या त्या रात्री सुरुवातीच्या जोडी-सामन्यात एक पोरगा खेळून गेला होता, काझुशी साकुराबा. यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनलचाच. १ मे २०००, पुन्हा टोकियो डोम, समोर रिक्सनचा भाऊ रॉयस. तब्बल ९० मिनिटांनी ग्रेसींच्या कोपऱ्यातून टॉवेल पडला.