बोलीच्या पोटातला इतिहास

नांदेडहून नागपूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर अर्धापूर लागतं. केळीसाठी नावाजलेलं हे गाव. इथं ‘काय करायलास?’ असं विचारतात. पुण्याचा माणूस ‘काय करतोयस?’ म्हणेल, आणि लातूरकडं तोच प्रश्न ‘काय करलालास?’ असा ऐकू येतो. ‘करायला लागला आहेस’ हे लांबलचक रूप ज्या त्या मुलखानं आपल्या जिभेच्या सोयीनं आखडून घेतलं असावं. पण एवढ्याशा फरकापायी आमच्याकडची किती तरी पोरं शिकायला बाहेर गेली, की वर्गात तोंड उघडायला कचरतात. हे मी कित्येक वर्षं पाहत आलो आहे. म्हणून आज या बोलीची थोडी कुळकथा सांगतो.

सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही हैदराबाद संस्थानात होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या कारभारात फारसीची जागा उर्दूनं घेतली. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. घरात मराठी आणि कचेरीत उर्दू, असा आमच्या वाडवडिलांचा दिवस जाई. त्यामुळं शेत कसणारा ‘कास्तकार’ झाला आणि वाट्यानं दिलेलं शेत ‘बटई’नं दिलं जाऊ लागलं. शेजारच्या भाषांनीही भर घातली. बाकी महाराष्ट्र ज्याला कंत्राटदार म्हणतो, तो आमचा ‘गुत्तेदार’. तेलुगूत ‘गुत्त’ आणि कन्नडमध्ये ‘गुत्तिगे’ म्हणजे मक्ता.

हे देणंघेणं एका बाजूचं नव्हतं. दखनी बोलणारे आमचे शेजारी ‘नक्को’ म्हणतात, तो आपला ‘नको’च आहे. ‘आजइच’, ‘उनोंच’ यातला ‘च’सुद्धा मराठीचाच. बाजारात शेजारी बसणाऱ्यांनी एकमेकांचे शब्द उसने घेतले आणि परत करायचे विसरले.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमानं मराठी कारभाराची भाषा ठरली. ‘खासरा पत्रक’ मागं पडलं, ‘सातबारा’ आला. एका पिढीनं दोन कचेऱ्यांची भाषा शिकली.

काम बदललं की शब्दही बदलतात. केळीच्या बागाईतदाराच्या तोंडी मृगबाग, कांदेबाग, घड, फणी हे शब्द असतात. कोरडवाहू कापूसवाल्याला त्यांचं काम पडत नाही. पूर्वी लागवडीला कंद आणत, आता टिश्यू कल्चरची रोपं येतात. ‘जी-नाइन’ हा शब्द शाळेची पायरी न चढलेली म्हातारीही सहज उच्चारते. माल उत्तरेकडं जाऊ लागला, तशी व्यापाऱ्याची हिंदी बागेच्या बांधापर्यंत आली. उद्या यातलं काय टिकेल ते बाजार ठरवील.

या शब्दांची किंमत किती, हे २०२३ साली साऱ्या मराठवाड्यानं पाहिलं. कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामकाळातली दप्तरं उघडली गेली. त्यांत उर्दू आणि मोडी होती, आणि ती वाचणारी माणसं शोधावी लागली. ‘कुणबी’ हाही मुळात शेती करणाऱ्याचा, म्हणजे कामाचाच शब्द. शंभर वर्षांपूर्वी एका कारकुनानं तो कागदावर लिहिला की नाही, यावर आज कुणाचा दाखला अवलंबून राहिला.

रा. रं. बोराडे यांनी १९७१ साली ‘पाचोळा’ कादंबरी आपल्या मुलखाच्या बोलीत लिहिली आणि साऱ्या महाराष्ट्रानं ती वाचली. तेव्हा ही बोली पुस्तकात शोभत नाही, असं म्हणायला आता जागा नाही.

मुलांना प्रमाण मराठी अवश्य शिकवावी. अर्ज, परीक्षा, नोकरी तिच्यातच आहे. फक्त ती शिकवताना ‘तुझं चुकलं’ असं म्हणू नये. ‘तुझ्या गावी असं म्हणतात, पुस्तकात तसं लिहितात’ असं सांगावं. एवढ्यानं वर्गातला हात वर जातो. आणि घरातली जुनी माणसं जे शब्द वापरतात, ते त्यांना अर्थासकट विचारून एका वहीत उतरवून ठेवावेत. जुनी दप्तरं निदान कपाटात तरी राहतात. माणसाच्या जिभेवरचं दप्तर माणसाबरोबर जातं.