उन्हाळी : एका अबोल दुखण्याचा इतिहास



आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायका एका दुखण्याला ‘उन्हाळी लागणें’ असें म्हणत आल्या आहेत. लघवीस जळजळ होणें, पुनः पुनः जावेंसें वाटणें, गेल्यावर थेंब थेंबच उतरणें, ओटीपोटांत दुखणें, लघवी गढूळ होणें, हीं त्याचीं लक्षणें. नांव मोठें समर्पक आहे. कारण उन्हाळ्यांत घाम फार जातो, पोटांत पाणी कमी पडतें, आणि हा त्रास बळावतो. परंतु हें नांव घेतांना आवाज नेहमीं खालीं येतो. या अबोलपणाचा त्या दुखण्याच्या इतिहासाशीं निकटचा संबंध आहे, आणि तोच आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

आयुर्वेदानें या व्यथेस ‘मूत्रकृच्छ्र’ असें म्हटलें. कृच्छ्र म्हणजे कष्ट. मूत्र अडून राहतें तो मूत्राघात, आणि उतरतें पण कष्टानें उतरतें तें मूत्रकृच्छ्र, असा भेद आपल्या प्राचीन वैद्यांनीं केला. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत लागोपाठच्या दोन अध्यायांत हे विकार निरनिराळे सांगितले आहेत. चरक व सुश्रुत हे दोघेही मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार मानतात. मूत्राचा रंग किंवा त्यांतील रक्त वैद्याच्या डोळ्यांस दिसे. पण आग होते कीं ठणका लागतो, हें रोग्यानें सांगितल्यावांचून कळणार कसें? रोग्याचा शब्द हेंच निदानाचें पहिलें साधन होतें.

उपचारांत गोखरू आणि पुनर्नवा यांना मान होता. कुश, काश, दर्भ, नळ व ऊस या वर्गांतील पांच तृणांच्या मुळांचा काढा ‘तृणपंचमूळ’ म्हणून प्रसिद्ध आहे. घरोघरच्या आजीबाईंजवळ रात्रीं भिजत घातलेल्या धन्यांचें पाणी, वाळ्याचें पाणी, जवाचें पाणी आणि शहाळें हीं असतच. या सर्वांत एक द्रव्य समान आहे, तें म्हणजे पाणी.

पुढें परीक्षेची ओढ वाढली. ‘योगरत्नाकर’ या ग्रंथांत अष्टविध परीक्षेमध्यें मूत्रपरीक्षेला स्थान आहे. मूत्रावर तेलाचा थेंब सोडून तो कसा पसरतो हें पाहावयाचें. युरोपांत तर ‘मातुला’ नांवाची काचेची कुपी वैद्यकाचें चिन्हच होऊन बसली. रोगी घरीं राही आणि कुपी तेवढी वैद्याकडे जाई! थॉमस ब्रायन या इंग्रज ग्रंथकारानें १६३७ सालीं या प्रकारावर सडकून टीका केली. कुपी बोलूं लागली आणि रोगी मुका झाला, असें त्या काळाविषयीं म्हणावेंसें वाटतें.

खरें कारण सांपडलें तें सूक्ष्मदर्शक यंत्रानें. १८८१ सालीं मँचेस्टरच्या विल्यम रॉबर्ट्स यांनीं ताज्या मूत्रांत आढळणाऱ्या सूक्ष्म जंतूंविषयीं लिहिलें. १८८५ सालीं थिओडोर एशेरिख यांनीं तान्ह्या मुलांच्या आंतड्यांतील एका जंतूचें वर्णन केलें. आज तो त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. १८९४ सालीं हाच जंतु मुलांच्या मूत्राशयदाहास कारण होतो, हेंही त्यांनीं दाखविलें. आंतड्यांतील हा रहिवासी मूत्रमार्गानें वर चढतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग अवघा ४ सेंटीमीटरांच्या आसपास. म्हणून हें दुखणें त्यांना अधिक. हा शरीररचनेचा भाग आहे. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

पण यंत्रानेंही एक चूक केली. १९५६ सालीं बोस्टनच्या एडवर्ड कास यांनीं एका मिलिलिटरांत १,००,००० जंतु ही निदानाची रेषा सुचविली. रेषा उपयुक्त होती. पण पुढें ती भिंत झाली. जळजळ होते म्हणून आलेल्या स्त्रीचा आंकडा कमी आला, तर तिला रोग नाहीं असें ठरे. १९८२ सालीं वॉल्टर स्टॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, लक्षणें असलेल्या स्त्रीच्या बाबतींत १०० जंतुही अर्थपूर्ण असूं शकतात. म्हणजे तिचें म्हणणें खरेंच होतें!

आतां घरगुती उपायांकडे वळूं. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, थोडें पाणी पिणाऱ्या आणि वारंवार हा त्रास होणाऱ्या १४० स्त्रिया घेतल्या होत्या. त्यांपैकीं निम्म्या स्त्रियांनीं वर्षभर रोज दीड लिटर पाणी अधिक घेतलें. त्यांना वर्षांत सरासरी १.७ वेळां त्रास झाला, इतरांना ३.२ वेळां. अमेरिकेंतील क्रॅनबेरी या फळानें पुनः पुनः होणारा त्रास कमी होतो, असें २०२३ च्या एका मोठ्या परीक्षणांत आढळलें. पण जडलेला रोग त्यानें बरा होतो असें नाहीं. जर्मनींत २०१५ सालीं ४९४ स्त्रियांवर प्रयोग झाला. केवळ वेदनाशामक घेऊन सुमारें दोन-तृतीयांश स्त्रिया प्रतिजैविकावांचून बऱ्या झाल्या. पण मूत्रपिंडापर्यंत रोग गेल्याचीं उदाहरणें त्या गटांत पांच, तर प्रतिजैविक घेणाऱ्या गटांत एकच होतें. आराम निराळा आणि रोगमुक्ति निराळी, हाच याचा बोध.

म्हणून धन्यांचें पाणी अवश्य घ्यावें, लघवी तुंबवून ठेवूं नये. मात्र मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असणाऱ्यांनीं पाणी किंवा शहाळें विचारूनच वाढवावें. दोन दिवसांत उतार पडला नाहीं तर डॉक्टरांकडे जावें. थंडी वाजून ताप, कुशींत वा पाठींत दुखणें, वांती किंवा मूत्रांत रक्त दिसलें, तर त्याच दिवशीं जावें. गरोदर स्त्री, लहान मूल, पुरुष व मधुमेही यांनीं तर घरगुती उपायावर विसंबून राहूंच नये.

आणि एक गोष्ट. बाहेर सोय नाहीं म्हणून पाणीच न पिणाऱ्या स्त्रिया आजही आहेत. मुंबईत २०११ सालापासून स्त्रियांच्या मुताऱ्यांसाठीं चळवळ करावी लागली, ती याचसाठीं. अशा स्त्रीला धन्यांचें पाणी सुचविणें सोपें आहे. परंतु या दुखण्याचा सारा इतिहास एकच सांगतो कीं, त्याची पहिली खूण कुपींत किंवा यंत्रांत दिसत नसून सोसणाऱ्याच्या तोंडीं असते. तेव्हां घरांतील कोणी हलक्या आवाजांत ‘उन्हाळी लागली आहे’ असें म्हणालें, तर तें नीट ऐकून घ्यावें, एवढीच विनंती.