साडेतीनांची गणती

दिवाळीतला पाडवा हा अर्धा मुहूर्त. गुढीपाडवा, अक्षय्यतृतीया आणि दसरा हे तीन पूर्ण, आणि बलिप्रतिपदेचा हा अर्धा. असे साडेतीन मुहूर्त आपल्याकडे घरोघर पाठ असतात. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी वर्गात हेच सांगत होतो, तोच मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, पीठंबी साडेतीन, मुहूर्तबी साडेतीन. आपल्याकडं सगळं साडेतीनच कसं काय ओ?" वर्ग हसला. उत्तर मी पुढच्या तासावर ढकलले. मास्तर मंडळींना ही एक सोय असते.

घरी येऊन मोजायला बसलो. कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही तीन पूर्ण पीठे, वणीची सप्तशृंगी अर्धे. पेशवाईतले शहाणे साडेतीन. ओंकाराच्या मात्रा साडेतीन. माणसाचा देह ज्याच्या त्याच्या हाताने साडेतीन हात, आणि त्या देहावरचे केस साडेतीन कोटी! चार दिवसांची सत्ता मिरवणाऱ्याला आपण औट घटकेचा राजा म्हणतो. तेही साडेतीन घटकांचेच राज्य. घटका चोवीस मिनिटांची धरली, तर एक तास चोवीस मिनिटे. त्या रात्री मध्येच जाग आली, तेव्हा घड्याळाकडे पाहायचे मी मुद्दाम टाळले. न जाणो, तिथेही साडेतीनच वाजलेले असायचे!

या 'औट' शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. संस्कृतात साडेतीनाला 'अर्धचतुर्थ' म्हणत, म्हणजे ज्यात चौथा अर्धा आहे ते. प्राकृतात त्याचे 'अद्धुट्ठ' झाले आणि झिजत झिजत मराठीत 'औट' उरले. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वेटोळे सांगताना हाच शब्द आला आहे. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि मग औटकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. माझे आजोबा गुऱ्हाळावर हिशेब ठेवीत. गुळाच्या रव्यांचे वजन होता होता त्यांची औटकी चाले: एकाचे साडेतीन, दोहोंचे सात, तिहींचे साडेदहा, चौघांचे चौदा. ज्या माणसाच्या जिभेवर साडेतीनाचा सबंध पाढा खेळतो, त्याला जगात साडेतीन दिसले तर नवल ते काय? आजच्या पोरांना साडेतीन सांगायला दोन आकडे आणि मध्ये एक टिंब लागते. आजोबांना एक अक्षरी हुंकारासारखा शब्द पुरे होता.

आणि त्या शब्दात एक शहाणपणही आहे. तीन ही आपल्याकडे आधीच भरलेली संख्या. तीन देव, तीन लोक, तीन काळ. तिथे चौथ्याला जागा नाही. पण दाराशी उभ्या असलेल्या चौथ्याला परत लावायचे आपल्या जिवावर येते. मग त्याला अर्धे आसन द्यायचे. वणीच्या देवीला, दिवाळीच्या पाडव्याला आपण असेच आत घेतले असावे, असे मला वाटते.

शहाण्यांची गोष्ट मात्र निराळी. पेशव्यांकडचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर हे पूर्ण शहाणे. नाना फडणीस अर्धे. कारण असे सांगतात, की पहिल्या तिघांना लेखणीबरोबर तलवारही चालवता येई, नानांच्या हाती नुसती लेखणी. आता इतिहास काय सांगतो ते पाहा. विठ्ठल सुंदर १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईत मारले गेले. तेव्हा नाना जेमतेम एकवीस वर्षांचे होते. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर बारभाईंचे कारस्थान उभे राहिले, त्यात नाना आणि सखारामबापू एकत्र होते. पुढे बिनसले, आणि बापूंचा अखेरचा काळ कैदेत गेला; त्यांना कैदेत घालणारे नानाच. १८०० साली मरेपर्यंत, मधला थोडा पडता काळ सोडला, तर पुण्याचा कारभार नानांभोवतीच फिरत राहिला. अर्ध्या शहाण्याने पूर्ण शहाण्याला डांबून ठेवले, तरी गणतीत तो अर्धाच! आणि महादजी शिंद्यांसारखा लेखणी आणि तलवार दोन्ही जाणणारा मुत्सद्दी त्या गणतीत नाहीच. का नाही? तो आला, तर साडेचार होतात.

माझ्या मते इथे गोम आहे. माणसे मोजून साडेतीन भरली, असे झालेले नाही. साडेतीनाचा साचा आधी होता, माणसे त्यात मागाहून बसवली. बारा बलुतेदारांचेही तसेच. या भागातली यादी त्या भागातल्या यादीशी जुळत नाही; कुठे एक बलुतेदार आत, तर कुठे तोच बाहेर. बारा मात्र सगळीकडे कायम. आकडा अढळ, नावे बदलती. मग दोन-चारशे वर्षांनी आपण कौतुकाने विचारतो, की हा आकडा सगळीकडे कसा?

पुढच्या तासाला मी वर्गातल्या पोरांना भिंतीशी उभे केले आणि ज्याचे त्याच्या हाताने, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, माप घ्यायला लावले. देह साडेतीन हात भरतो का ते पाहायचे होते. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस देह चार हात भरतो असे लिहून गेला आहे. आमची बिद्रीची पोरे बहुतेक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी भरली. पण वह्या तपासल्या तर निम्म्याहून अधिक वह्यांत सरळ 'साडेतीन' लिहिलेले! दोरी डोळ्यांसमोर होती, तरी पोरांनी ऐकलेलेच लिहिले. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीच्या वहीत मात्र 'साडेतीन आणि थोडे' असे होते. ते 'थोडे' पाहून मला फार आनंद झाला.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ अरनॉल्ड झ्विकी यांनी २००५ साली या प्रकाराला 'वारंवारतेचा भास' अशा अर्थाचे नाव दिले. एखादी गोष्ट मनात शिरली, की डोळे तिला हुडकू लागतात, आणि जुळलेले तेवढे मन जमेस धरते. पण नाव नवे, रोग जुना. फ्रान्सिस बेकनने १६२० सालच्या आपल्या ग्रंथात एक जुनी गोष्ट सांगितली आहे. नवस बोलून जहाजफुटीतून वाचलेल्यांची चित्रे एका देवळात टांगली होती. ती दाखवून कोणी एकाला विचारले, आता तरी देवाचे सामर्थ्य पटले ना? तो म्हणाला, नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रे कुठे आहेत?

ही गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा हसलो होतो. पुढे हसू आले नाही. वडिलांना पुण्याच्या एका इस्पितळात ठेवले होते. तीन आठवडे आई आणि मी तिथेच होतो. आई दिवसभर गॅलरीत उभी राहून खालच्या रस्त्याकडे पाही. पुण्याच्या गाड्यांवर बाराचा आकडा, आपल्या कोल्हापूरच्या गाड्यांवर नऊचा. पहिल्याच दिवशी तिला 'एमएच ०९'ची एक गाडी दिसली आणि परक्या शहरात गावचे माणूस भेटावे तशी ती हरखली. मग तिला नऊ दिसतच राहिले. डॉक्टर यायच्या आत तीन नऊ दिसले, की आजचे रिपोर्ट चांगले येणार, असे तिने मनाशी ठरवून टाकले. "आज पाच दिसल्या बघ," ती मला सांगे, आणि वडिलांना खरोखरच त्या दिवशी थोडे बरे वाटे. ज्या दिवशी रिपोर्ट वाईट येत, त्या दिवशी किती दिसल्या हे ती सांगत नसे, आणि मीही विचारीत नसे. मास्तर असूनही दोन-तीनदा मी स्वतः तिच्या शेजारी उभा राहून मोजल्या आहेत.

वडील गेले त्या सकाळी ती गॅलरीतच होती. बऱ्याच महिन्यांनी, दिवाळीचे दिवे लावताना, ती आपण होऊन म्हणाली, "त्या दिवशी मी मोजलंच न्हाई रे. डोळा लागला हुता." मी तिच्या मागेच उभा होतो. तिचा डोळा लागला नव्हता, हे मला माहीत आहे. मी काही बोललो नाही.

इथे बिद्रीत तिला नऊ दिसत नाही. दिवाळीच्या आगेमागे कारखान्याचा हंगाम सुरू होतो आणि आमच्या दारावरून उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. बहुतेक सगळ्या नऊच्याच. त्या कोण मोजतो? आमची पोरे ओरडतात ती तेविसाची गाडी दिसली की. तेवीस म्हणजे बीड. ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन तिकडच्या गाड्या येतात. परवा चहाच्या टपरीशी टोळीतली एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. मागून एक ट्रक आला. तिने पोराची हनुवटी धरून त्याचे तोंड ट्रकच्या पाटीकडे वळवले आणि म्हणाली, "बघ, आपली गाडी."