परत आलेला पहिल्यांदाच

ऑक्टोबर १९९१, ह्यूस्टन. तू एकोणीस वर्षांचा. नवीकोरी कॅसेट गाडीच्या डेकमध्ये ढकलतोस. वेष्टनावर पालकांना सावध करणारी काळी-पांढरी पट्टी आहे. तुझ्या वयाच्या पोरांना ती जाहिरातच वाटते.

'मिस्टर स्कारफेस इज बॅक'. परत आला म्हणे! एकट्याचा हा पहिलाच अल्बम. पण गुर्मी अगदीच फुकाची नाही. ब्रॅड जॉर्डन याच शहरातला, वय अजून वीस, आणि 'गेटो बॉइज' या रॅप ग्रुपमुळे तुला पाठ असलेला. आधी तो डीजे अ‍ॅक्शन होता. अल पचिनोच्या सिनेमावरून नाव घेतलेलं त्याचं 'स्कारफेस' हे गाणं गाजलं आणि तेच नाव त्याला चिकटलं.

रॅप म्हणजे न्यूयॉर्क, फार तर लॉस एंजेलिस. टेक्सासला कोण विचारतो? गेल्या वर्षी गेफेन कंपनीने गेटो बॉइजचा अल्बम बाजारात न्यायला साफ नकार दिला होता. जे. प्रिन्सची 'रॅप-ए-लॉट' ही रेकॉर्ड कंपनी मात्र इथलीच, तुमच्या गावची.

सुरुवातीला बंदुका, माल, पैसा. बायकांबद्दलचं बोलणं तर ऐकवत नाही. तू आवाज कमी करतोस. बंद करत नाहीस.

मग 'डायरी ऑफ अ मॅडमॅन' लागतं आणि फुशारकीला तडा जातो. या उन्हाळ्यात गाजलेलं 'माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी'ही मुळात त्याच्या या एकट्याच्या अल्बमसाठी होतं. प्रिन्सने ते ग्रुपकडे वळवलं. त्यातही हाच घाबरलेला माणूस. गुंड पुष्कळ गातात, स्वतःच्या डोक्याला भिणारा गुंड तू पहिल्यांदाच ऐकतोयस.

शेवटून दुसऱ्या गाण्यात खालून ओळखीची चाल येते: मार्विन गेचं १९७१चं 'इनर सिटी ब्लूज', आईच्या रेकॉर्डमधलं. त्यावर स्कारफेस खुनाची हकिगत सांगतो, जड आवाजात, दक्षिणी हेल न लपवता. आणि त्यानंतरच्या, अगदी शेवटच्या गाण्याचं नावच 'आय एम डेड'. असा शेवट करायला छाती लागते.

हाच माणूस २०१९मध्ये ह्यूस्टनच्या नगरपरिषदेची निवडणूक लढवेल, दुसऱ्या फेरीपर्यंत जाईल आणि हरेल, असं आत्ता कुणी सांगितलं तर तू खो खो हसशील. हस, पण गाडी काढ आधी. सिग्नल केव्हाचा हिरवा झालाय आणि मागचा शिव्या घालतोय.