'पीकेरेन' : डच शब्दामागची 'फिकीर'

एकच गोष्ट मनात पुनःपुन्हा घोळवीत चिंता करीत राहणे, या अर्थी डच भाषेत 'पीकेरेन' हे क्रियापद रूढ आहे. 'एन' हा डच क्रियापदांचा नेहमीचा प्रत्यय त्याला लागतो आणि त्याची रूपेही नियमाप्रमाणे चालतात. त्यामुळे हा शब्द अस्सल डच भासतो. प्रत्यक्षात त्याचे मूळ युरोपात नाही.

डच ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना १६०२ मध्ये झाली आणि १६१९ मध्ये तिने जावा बेटावर बटाविया, म्हणजे आजचे जकार्ता, हे ठाणे वसविले. त्या द्वीपसमूहात व्यापाराची भाषा मलाय होती. तेथे वावरणाऱ्या डचांच्या बोलण्यात अनेक मलाय शब्द शिरले. 'विचार करणे' या अर्थाचा 'पिकिर' हा त्यांपैकीच एक. इंडोनेशियाच्या भाषेत तो आजही याच अर्थाने वापरला जातो.

मात्र 'पिकिर'ही मूळचा मलाय नव्हे. अरबीत 'फिक्र' म्हणजे विचार. इस्लाम व व्यापार यांच्याबरोबर आलेल्या या शब्दातील 'फ'चा मलाय उच्चारात 'प' झाला. हाच अरबी शब्द फारसीमार्फत दख्खनेत पोहोचला आणि मराठीत 'फिकीर' होऊन स्थिरावला. 'बेफिकीर' हा त्याचाच विस्तार. अशा रीतीने 'पीकेरेन' आणि 'फिकीर' हे दोन वाटांनी दूर गेलेले सख्खे भाऊ ठरतात. विशेष म्हणजे दोहोंचा अर्थ विचाराकडून चिंतेकडे झुकला आहे.

डचमधील एका वाक्प्रचारात जुना अर्थ अद्याप टिकून आहे. एखादी गोष्ट साफ नाकारताना डच माणूस 'मी त्यावर पीकेरेन करीत नाही' अशा आशयाचे वाक्य उच्चारतो. तेथे चिंतेचा प्रश्न नसतो. 'तसा विचारही मनात आणणार नाही', एवढेच त्याला सांगायचे असते.

अशी जोडी एकच नाही. डचमधील 'सूबाटेन', म्हणजे काकुळतीने विनवणे, हे क्रियापद मलायमधील 'सोबत' या मित्रवाचक शब्दावरून आले. त्याचे मूळही अरबीच असून मराठीतील 'सोबत' त्याच कुळातील आहे. इंडोनेशियाने १९४५ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले व १९४९ मध्ये नेदरलँड्सने ते मान्य केले. सत्ता संपली, तरी शासितांकडून घेतलेले हे शब्द डचांच्या नित्याच्या बोलण्यात कायम राहिले.