जॉबी जस्टिन घसरला कुठे?

कोलकात्याच्या फुटबॉलवर चर्चा करणारे एक मत आता जवळजवळ गृहीत धरतात. जॉबी जस्टिन ईस्ट बंगालकडून एक मोसम चमकला, इंडियन सुपर लीगमध्ये गेला, तिथे टिकला नाही आणि अखेर खालच्या श्रेणीतल्या डायमंड हार्बरमध्ये जाऊन पडला. म्हणजे कारकीर्द उतरणीची. हे मत निराधार नाही. सुपर लीगमधले त्याचे गोल तुटपुंजे आहेत आणि चेन्नईयिन क्लबमध्येही तो पहिल्या पसंतीचा आघाडीवीर झाला नाही. तरीही निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो बिनविरोध राहू देणे मला मान्य नाही.

आधी तो एक मोसम पाहू. केरळच्या वीज मंडळाच्या संघातून आलेल्या या खेळाडूने 2018-19 च्या आयलीगमध्ये 9 गोल केले; भारतीयांत सर्वाधिक. 16 डिसेंबर 2018 ची डर्बी ईस्ट बंगालने 3-2 अशी जिंकली, 27 जानेवारी 2019 ची 2-0 अशी. मोहन बागानच्या जाळ्यात दोन्ही वेळा जॉबीचा चेंडू गेला. त्या संघात एन्रिके एस्केदासारखा मेक्सिकोचा आघाडीवीर होता, तरी जॉबीला जागा मिळत होती. ईस्ट बंगालचे विजेतेपद एका गुणाने हुकले. हा योगायोग म्हणायचा?

आता सुपर लीग. 2019-20 मध्ये तो एटीके क्लबात गेला. तिथे आघाडीला कोण होते? रॉय कृष्णा आणि डेव्हिड विल्यम्स. एकट्या कृष्णाने त्या मोसमात 15 गोल केले आणि संघ विजेता ठरला. मैदानावर पाच परदेशी खेळवण्याची मुभा होती, आणि गोल करणारी जागा परदेशी खेळाडूला देण्याचीच बहुतेक क्लबांची रीत होती. प्रशिक्षकांचा निर्णय योग्यच होता. पण त्या निर्णयाचे माप जॉबीच्या पदरात का टाकायचे? पुढे गुडघ्याच्या दुखापतीने आणखी एक मोसम खाल्ला. गोल कमी झाले, हे खरे. कुवत कमी झाली, हे त्यातून सिद्ध होत नाही. संधी न मिळणे वेगळे, संधी दवडणे वेगळे.

प्रतिपक्षाचा शेवटचा आधार असा, की खालच्या श्रेणीतले गोल दुबळ्या संघांविरुद्धचे. मग 20 ऑगस्ट 2025 चा ड्युरँड करंडकाचा उपांत्य सामना पुराव्यात दाखल करतो. तीनच दिवसांपूर्वी मोहन बागानला 2-1 ने हरवून आलेला ईस्ट बंगाल, म्हणजे सुपर लीगचा संघ, समोर होता. मैदान कोलकात्याचे युवा भारती. दोन्ही संघांचा एकेक गोल झाला होता, आणि 83व्या मिनिटाला जॉबीने डायमंड हार्बरचा विजयी गोल केला. वय 31, प्रतिस्पर्धी त्याचाच जुना क्लब. अंतिम सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडने डायमंड हार्बरला 6-1 असे चिरडले. तो निकालही वाचकांनी याच नोंदीत धरावा.

राहिला तो ‘खालचा’ क्लब. डायमंड हार्बरची स्थापना 2022 ची. त्याने 2025 मध्ये आयलीगची दुसरी श्रेणी जिंकून आयलीगमध्ये प्रवेश मिळवला, आणि त्याच वर्षी पहिल्याच ड्युरँड सहभागात अंतिम फेरी गाठली. क्लब अशा पायऱ्या चढत असताना त्याचा आघाडीवीर मात्र घसरत होता, हे प्रतिपक्ष कोणत्या पुराव्याने सिद्ध करणार?